पडवीत विचारलेला प्रश्न



गेल्या तपःकाळात एका घरी आजाऱ्यास पवित्र कम्युनियन देण्यास आम्ही गेलो होतो. घरची माउली कर्करोगाने अंथरुणास खिळलेली. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीस. प्रार्थना आटोपल्यावर यजमानांनी आम्हांस पडवीत नेऊन हलक्या आवाजात विचारले, "फादर, थोरला म्हणतो, तिकडे डिस्पेन्सरीत गांजाचे तेल उघड मिळते. त्याने हिच्या कळा थांबतील. आणू दे का त्याला?"

गांजा हा शब्द कानी पडला मात्र, आमचा पारा चढला. "पाप आहे ते! दुखणे प्रभूच्या चरणी अर्पण करायला सांगा," एवढे बोलून आम्ही मोटारसायकलीस किक मारली.

आमच्याकडे डिस्पेन्सरी म्हटले की डॉक्टर, कंपाउंडर आणि लाल औषधाची बाटली डोळ्यांपुढे येते. तिकडची तशी नव्हे. ते गांजाचे परवानाधारक दुकानच. त्याचा उगम मात्र दुःखातला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेनिस पेरॉन यांचा जिवलग सोबती १९९० साली एड्सने गेला. अशा रुग्णांस गांजाने अन्न पोटात ठरते असा त्यांचा अनुभव होता, आणि त्यांच्याच खटपटीने १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधासाठी गांजाची मोकळीक दिली. १९७० चा केंद्राचा कायदा त्यास हेरॉइनच्या पंक्तीस बसवीत होता; म्हणून डॉक्टरने रीतसर चिठ्ठी लिहावयाची नाही, केवळ शिफारस करावयाची, अशी अजब तऱ्हा निघाली. पुढे २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी निव्वळ मौजेसाठीही मुभा दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून कोलोरॅडोत तशी दुकाने उघडली. रुग्णाची कणव ज्या दाराने आत आली, त्याच दाराने व्यापारही शिरला, असे आमचे मत आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये अशा मौजेच्या मोकळिकीस स्पष्ट विरोध केला होता.

परंतु यजमानांनी मौजेचे विचारले नव्हते. ख्रिस्तसभेची शिकवण मादक पदार्थांस गंभीर अपराध मानते, पण खऱ्या उपचाराचा अपवाद ठेवते. पोप बारावे पायस यांनी तर फेब्रुवारी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की, असह्य वेदना शमविण्यास गुंगीचे औषध देणे योग्य आहे, त्याने आयुष्य थोडे उणावण्याचा संभव असला तरीही. हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. पडवीत ते आठवले नाही.

तेल आणू नये हे आमचे उत्तर बरोबरच होते, कारण निराळे. आपल्या १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांस बंदी आहे. सामानात तेल सापडते तर मुलगा थेट तुरुंगात जाता. (नुसती पाने मात्र त्या कायद्यातून सुटली आहेत. म्हणून इंदूर-उज्जैनकडे सरकारी परवान्याने भांग विकली जाते! तेव्हा अमेरिकेस हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहिलेले बरे.)

तीन आठवड्यांनंतर, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, पापनिवेदनासाठी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. माउलीच्या ओठांस दातांच्या खुणा होत्या. कळ आली की ती ओठ चावी, पण ओरडत नसे. फादरांनी अर्पण करायला सांगितले आहे ना!

त्याच दुपारी आम्ही यजमानांसह बेळगावास जाऊन एका डॉक्टरांस भेटलो. मॉर्फीन कर्करोगाच्या रुग्णांस सुलभतेने मिळावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे, हे त्यांच्याकडून प्रथम कळले. माउलीस तपासून त्यांनी गोळ्या सुरू केल्या. पुनरुत्थानाच्या सणाच्या सोमवारी आम्ही गेलो तेव्हा ती उशीस टेकून पेज घेत होती.

"फादर, रात्री झोप लागते आता," ती म्हणाली, आणि मग भीतभीतच, "पाप नाही ना ते?"

आम्ही तिच्या खाटेजवळ बसलो आणि तिची क्षमा मागितली.