मस्कीसाठी काठी घेताना

आम्ही पोटापाण्यासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलेली माणसे. मस्की हा १९५५ पासून इथला राज्यमासा. चार फुटांहूनही अधिक वाढू शकणारा, तीक्ष्ण दातांचा. त्याच्यासाठी आम्ही साडेआठ फुटी दणकट काठी, मजबूत रीळ व ८० पौंडी विणीची दोरी घेतली. काठीची चकाकी पाहिली नाही. वाचलेल्या पैशांत तारेचा लीडर, मोठी रबरी जाळी, लांब पक्कड आणि गळ तोडायचा कटर घेतला. कारण दातांनी दोरी तुटली तर आपले आमिषच जाते. मासा मात्र तोंडात गळ घेऊन मरू शकतो. नाजूक साहित्यावर तो फार वेळ झुंजून थकतो, सोडल्यावरही जगेलच असे नाही. वाचकहो, महागाची वस्तू कोणती आणि गरजेची कोणती, हे कष्टकरी घराला सांगावे लागत नाही.