आपला की योग्य?

सामन्यापूर्वी संघ जाहीर झाला की घरोघरी निवड समित्या बसतात, हा अनुभव आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अमक्याला का घेतले, तमक्याला का वगळले, यावर जेवताना जो वाद रंगतो, त्याची गोडी कित्येकदा प्रत्यक्ष सामन्यालाही नसते. आपल्या या वादाला मात्र एक मर्यादा आहे. आपण कितीही तावातावाने बोललो, तरी संघ निवडणारी माणसे निराळी असतात. आपल्या शब्दाने कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही. परंतु वाचकहो, समजा आपले मत खरोखरच मोजले जाऊ लागले आणि आपल्या हाती मतपत्रिका आली, तर आपण तिच्यावर कोणाचे नाव लिहाल? जो आपला आहे त्याचे, की जो योग्य आहे त्याचे?

अमेरिकेतील बेसबॉलच्या रसिकांपुढे हा प्रश्न दर वर्षी उन्हाळ्यात उभा राहतो. तेथील व्यावसायिक बेसबॉलमध्ये अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग असे दोन विभाग आहेत. हंगामाच्या मध्यास, जुलै महिन्यात, दोन्ही विभागांतील निवडक खेळाडूंचा एक सामना होतो. त्याला 'ऑल-स्टार' सामना म्हणतात. ही कल्पना 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राचे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांची. १९३३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच्या निमित्ताने ६ जुलै १९३३ रोजी तेथील कोमिस्की पार्क मैदानावर पहिला सामना झाला आणि वृत्तपत्रांतून लोकांची मते मागविण्यात आली. लोकांचा लाडका बेब रूथ याने त्या दिवशी या सामन्यांच्या इतिहासातला पहिला होम रन मारला.

२०१५ च्या उन्हाळ्यात मी इंदूरहून माझ्या मुलीकडे सिनसिनाटी येथे गेले होते. त्या वर्षीचा ऑल-स्टार सामना नेमका त्याच शहरात व्हावयाचा होता. त्यामुळे शेजारीपाजारी, दुकानात, बसथांब्यावर, जिकडे तिकडे एकच विषय होता. माझा बारा वर्षांचा नातू आणि शेजारचे अडुसष्ट वर्षांचे निवृत्त पोस्टमन रोज सायंकाळी ओसरीवर वाद घालीत. मी भाजी निवडीत ऐकत असे आणि हळूहळू त्या वादात मीही ओढली गेले.

नातवाचा सारा भरवसा आकड्यांवर होता. "आजी, दहा वेळा बॅट हातात घेऊन जो तीन वेळा यशस्वी होतो, तो चांगला खेळाडू," हा पहिला धडा त्याने मला दिला. सात वेळा अपयशी ठरणाऱ्याला चांगला म्हणावयाचे, हे मला नवलाचे वाटले. परंतु चेंडूचा वेग लक्षात घेता ते खरेच कठीण आहे. पुढे त्याने मला आणखी एक आकडा समजावून सांगितला. एखाद्याच्या जागी सर्वसाधारण बदली खेळाडू उभा केला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा तो अंदाज असतो. पोस्टमनसाहेब यावर हसत आणि म्हणत, "बाळा, लोक मैदानावर बेरीज पाहावयास येत नाहीत, माणसे पाहावयास येतात."

या वादाच्या मुळाशी एक जुनी घटना होती. १९५७ साली हे गृहस्थ दहा वर्षांचे होते. तेव्हा सिनसिनाटीच्या 'एन्क्वायरर' या वृत्तपत्रात मतपत्रिका छापून येत. त्या कापून, भरून टपालात टाकणे हा गावातल्या लहानथोरांचा उद्योग झाला होता. परिणाम असा झाला, की नॅशनल लीगच्या मतदानाने निवडावयाच्या आठ जागांपैकी सात जागा एकट्या सिनसिनाटीच्या संघाने जिंकल्या. बाहेरचा खेळाडू एकच निवडला गेला, तो सेंट लुईसचा स्टॅन म्युझियल. तेव्हाचे बेसबॉल आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी हस्तक्षेप केला. गस बेल आणि वॉली पोस्ट या दोघांच्या जागी त्यांनी विली मेझ आणि हँक ॲरन यांना घेतले. एवढ्यावर न थांबता लोकांचा मताधिकारच काढून घेण्यात आला. १९५८ पासून १९६९ पर्यंत खेळाडू, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांनीच निवड केली.

"आम्ही लबाडी केली नाही," असे ते गृहस्थ म्हणत. "ज्यांना आम्ही रोज पाहत होतो, त्यांची नावे आम्ही लिहिली. प्रेम करणे हा गुन्हा आहे काय?" त्यांचा प्रश्न मला खोटा वाटला नाही. परंतु त्याच १९५७ च्या हंगामाअखेर नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून ॲरनचाच गौरव झाला, हेही तितकेच खरे. आपल्या माणसावर प्रेम करणे हा गुन्हा नव्हे. मात्र ते प्रेम डोळ्यांपुढे इतके जवळ धरावे की पलीकडचा ॲरन दिसूच नये, हा दोष आहेच. आणि त्याचा दंड एका गावाने नव्हे, तर साऱ्या देशाच्या रसिकांनी बारा वर्षे भरला.

योगायोग असा, की मी तेथे असतानाच तसाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. मतदान आता संगणकावरून होत होते आणि एका व्यक्तीला पस्तीस वेळा मत देण्याची मुभा होती. जूनच्या मध्यास अमेरिकन लीगच्या नऊ जागांपैकी आठ जागांवर कॅन्सस सिटीचे खेळाडू आघाडीवर होते. नववा तेवढा लॉस एंजेलिसचा माइक ट्राउट. ओमार इन्फान्ते याची त्या हंगामातील फलंदाजी अगदी सुमार होती, तरीही दुसऱ्या बेसच्या जागेसाठी तोच पुढे होता. ह्यूस्टनचा होसे अल्तूवे, ज्याने आदल्याच वर्षी फलंदाजीच्या सरासरीत आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला होता, तो मागे पडला होता. संयोजकांनी सहा कोटींच्या वर संशयास्पद मते रद्द केली. मताधिकार मात्र या वेळी कोणी काढून घेतला नाही. इतर गावांचे रसिक जागे झाले, त्यांनीही मते दिली आणि अखेर अल्तूवेच निवडून आला. कॅन्सस सिटीचे चार खेळाडू निवडले गेले. लोकांच्या चुकीवर लोकांचे अधिक जागरूक मतदान हाच उपाय बरा, असे मला त्या वेळी वाटले.

पण योग्य म्हणजे तरी कोण? मी तीस वर्षे शाळेत शिकविले, म्हणून मला हा प्रश्न परीक्षेच्या भाषेत सुचतो. सहामाहीत अचानक पहिला आलेला विद्यार्थी श्रेष्ठ, की पाच वर्षे सातत्याने वरच्या क्रमांकात राहिलेला, पण यंदा थोडा मागे पडलेला? २००१ साली बाल्टिमोरचा कॅल रिप्किन चाळीस वर्षांचा होता. तो त्याचा शेवटचा हंगाम होता आणि पूर्वीची धार उरली नव्हती. तरी लोकांनी त्याला निवडले. सिॲटल येथील त्या सामन्यात ॲलेक्स रॉड्रिगेझने आपली जागा सोडून त्याला त्याच्या जुन्या, शॉर्टस्टॉपच्या जागी उभे केले. रिप्किनने होम रन मारला आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. त्याने होम रन मारला नसता, तरी मी त्या निवडीला नाव ठेवले नसते. शाळेतही गुणानुक्रमाचे बक्षीस वेगळे असते आणि निरोपसमारंभ वेगळा असतो. एखाद्या वर्षी दोन्ही एका व्यासपीठावर झाले, तर बिघडत नाही. दर वर्षी मात्र तसे होऊ नये.

आणखी एक नियम माझ्या नातवाला मुळीच पटत नसे. प्रत्येक संघाचा निदान एक तरी खेळाडू ऑल-स्टार चमूत असलाच पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे बलाढ्य संघातील एखादा चांगला खेळाडू बाहेर राहतो आणि दुबळ्या संघातील मध्यम खेळाडूला जागा मिळते. मला हा नियम आवडला. हरणाऱ्या गावातल्या मुलांनाही त्या दिवशी आपला एक माणूस मैदानावर दिसावयास हवा.

हे सर्व वाद ज्यांची नावे मतपत्रिकेवर होती त्यांच्याविषयीचे झाले. ज्यांची नावे तेथे येऊच दिली जात नव्हती, त्यांचे काय? १९३३ साली पहिला ऑल-स्टार सामना झाला, तेव्हा या दोन्ही लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांनी आपल्या स्वतंत्र लीग उभारल्या होत्या. त्याच वर्षी, त्याच कोमिस्की पार्कवर, १० सप्टेंबरला त्यांचा पूर्व विरुद्ध पश्चिम असा सामना झाला. त्यासाठी कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून वाचकांनीच मते दिली होती. १९४३ साली हा सामना पाहावयास पन्नास हजारांवर माणसे लोटली. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून खेळला आणि ती भिंत फुटली. १९४९ साली तो आणि आणखी तीन कृष्णवर्णीय खेळाडू प्रथमच ऑल-स्टार सामन्यात उतरले.

जॉश गिब्सनला मात्र तो दिवस दिसला नाही. रॉबिन्सनच्या त्या पहिल्या सामन्यापूर्वी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो निवर्तला. २०२४ साली कृष्णवर्णीयांच्या लीगमधील नोंदी मुख्य नोंदींत समाविष्ट करण्यात आल्या, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सनचे नाव सर्वांच्या वर आले. ज्याला कोणी मत देऊ शकत नव्हते, तोच यादीत पहिला निघाला! आपल्याकडेही बाळू पालवणकरांसारख्या श्रेष्ठ गोलंदाजाला केवळ जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले.

म्हणून वाचकहो, संघ जाहीर झाल्यावर आपल्या घरी वाद व्हावा, अवश्य व्हावा. मुलांना त्यात बोलू द्यावे, आकडे मांडू द्यावेत, आजोबांनाही त्यांच्या काळचे खेळाडू आठवू द्यावेत. मात्र एक साधी अट घालून पाहा. आपल्या लाडक्या खेळाडूची बाजू मांडण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्या गावचा, दुसऱ्या राज्याचा, आपल्याला फारसा न आवडणारा पण लायक असा एक खेळाडू सांगावा आणि तो लायक का, हेही सांगावे. त्यानंतर एवढेही विचारावे, की या यादीत येण्याआधीच कोणाचे नाव गळले आहे काय? एवढे करून मग मुलाने आपल्याच गावच्या खेळाडूला मत दिले, तर ते खुशाल द्यावे. त्याने ते डोळे उघडे ठेवून दिलेले असेल.