निसण्याची निवड

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात चावडीशेजारी एक लहानसे केशकर्तनालय आहे. दुकान नातू चालवतो. आबा दाराशी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करतात. नातवाच्या हातातील वस्तऱ्याला धार लावावीच लागत नाही. त्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवावयाचा आणि एका गिऱ्हाइकाची दाढी झाली की तो टाकून द्यावयाचा. एकाच्या रक्तातील रोग दुसऱ्यास जडू नये म्हणून ही रीत आली, आणि ती योग्यच आहे. आबांनाही ती मान्य आहे. तथापि घरातील फडताळात आबांची जुनी धोपटी अजून जपून ठेवलेली आहे. तिच्यात दोन वस्तरे आहेत. दोन्ही जर्मनीतील झोलिंगन गावी घडलेले. एकाचे पाते चांगले रुंद आहे. दुसऱ्याचे मात्र झिजून बोरूएवढे अरुंद झाले आहे.

त्या रुंद वस्तऱ्याने स्वतःची दाढी करावी, असे नातवाच्या मनात फार दिवसांपासून होते. त्याने तसे विचारले, तेव्हा आबा एवढेच म्हणाले, “आधी निसणा बघ. मग वस्तऱ्याला हात लाव.”

निसणा म्हणजे धार लावण्याचा दगड. दगडांचे प्रकार पाहून नातू गोंधळून गेला. बेल्जियममधील आर्देन डोंगरांत पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेट खनिजाचे सूक्ष्म कण असतात. जपानात क्योटोजवळच्या डोंगरांतील दगडांची ख्याती आहे. पण असे नैसर्गिक दगड महाग, आणि एकासारखा दुसरा नसतो. याउलट कृत्रिम दगड. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला माती आणि कोळसा विजेने तापविताना कार्बोरंडम हा अतिकठीण पदार्थ गवसला. पुढे कारखान्यांतून नाना प्रकारचे निसणे तयार होऊ लागले. त्यांच्यावर आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. १००० आकड्याच्या दगडाचा कण सुमारे १५ मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील पंधरा. ८००० चा कण त्याहून कितीतरी सूक्ष्म.

“आबा, बारा हजारांचा एकच घेतला तर?” नातवाने विचारले. “सर्वांत बारीक दगड, सर्वांत तीक्ष्ण धार!”

आबा हसले. “बाळ, धार घडते ती जाड दगडावर. बारीक दगड तिला नुसती उजळतो.”

हे खरे आहे. पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात, ती रेषा म्हणजे धार. बोथट वस्तऱ्यात त्या बाजू एकमेकींना भेटतच नाहीत. त्या टोकापासून टोकापर्यंत भेटविण्याचे काम १००० चा दगड करतो. ते होण्यापूर्वी बारीक दगडावर दिवसभर घासले, तरी पाते चकाकेल, पण केस कापणार नाही.

“मग आपला कोयत्याचा दगड काय वाईट? तो तर चांगला जाड आहे.”

यावर आबांनी काही न बोलता अरुंद वस्तरा उघडून त्याच्यापुढे धरला. तो आबांच्या वडिलांचा. आबा तेरा वर्षांचे असताना, वडील बाजाराला गेलेले पाहून, त्यांनी तो कोयत्याच्या कुरुंदावर घासला होता. दगड मध्ये खोलगट झालेला. पाते त्याच्या कडांवर खात गेले आणि धार नागमोडी झाली. वडील रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या गावाहून वस्तरा मागून आणून दाढ्या केल्या. ती धार सरळ करता करता निम्मे पाते झिजले. “गेलेलं पोलाद पुन्हा येत नाही,” आबा म्हणाले.

अखेर दोन दगड ठरले: एक १००० चा, आणि दुसरा एका अंगास ४००० व दुसऱ्या अंगास ८००० असलेला जोडदगड. दगड आले तरी आबांनी घाई केली नाही. त्यांनी दगडावर पेन्सिलीच्या रेघा ओढविल्या आणि सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो घासविला. मधल्या रेघा राहिल्या, म्हणजे दगड तेथे खोलगट. सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत नातू घासत राहिला.

मग अरुंद वस्तरा आला. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. कोन साधण्याची चिंता घडविणाऱ्याने आधीच मिटविलेली असते. धार पुढे ठेवून वस्तरा सरकवावयाचा, आणि पाठीवरच उलटावयाचा. हाताचा भार जवळजवळ नाहीच.

तासाभराने नातवाने पाते खिडकीच्या उजेडात धरले. चांगली धार उजेडात दिसत नाही. बोथट जागा तेवढी चमकते. टोकाकडे अजून एक ठिपका चमकत होता. त्याचा हात जोडदगडाकडे गेला. आबा पाहत होते, पण बोलले नाहीत. हात थबकला. नातवाने १००० च्या दगडावर पुन्हा पाणी शिंपडले.

रुंद वस्तरा त्या दिवशी धोपटीतून बाहेर निघाला नाही.