स्पायरोगायराची जात आणि संगणकाची किल्ली

गोड्या पाण्यातील शैवाले ओळखण्यासाठी वापरली जाणारी छापील किल्ली बहुधा द्विभाजी असते, म्हणजे ती प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी वर्णने समोर ठेवते आणि त्यांतले एक निवडल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही. नमुन्यात नेमके तेच लक्षण नसेल, तर काम तिथेच अडते. ल्युसिडसारख्या संगणकप्रणालीवर रचलेल्या बहुमार्गी किल्लीत मात्र दिसेल त्या लक्षणापासून सुरुवात करता येते आणि न जुळणाऱ्या जाती आपोआप गळत जातात. सोय मोठीच आहे, पण स्पायरोगायरा समोर आला की तिची हद्दही कळते.

तळ्यातला हा बुळबुळीत हिरवा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशीत फिरकीसारखे वळलेले हरितलवक दिसते आणि वंशाविषयी सहसा शंका उरत नाही. जात ठरवण्यासाठी पेशीची रुंदी, हरितलवकांची संख्या आणि दोन पेशींमधली आडभिंत सपाट आहे की घडीची, हे सारे पाहूनही भागत नाही. संयुग्मन, म्हणजे दोन पेशींतील जीवद्रव्याचा संयोग, होऊन तयार झालेला पक्व युग्मबीजाणू आणि त्याच्या मधल्या आवरणावरील नक्षी पाहावी लागते. नुसते वाढते तंतू हाती असतील, तर म. सि. रंधावांचा झिग्नेमेसी कुलावरील १९५९ चा ग्रंथ आणि आजची संगणकीय किल्ली सारख्याच निरुत्तर होतात.

मोजमापाचेही तसेच आहे. इमेजजेसारखी विनामूल्य प्रणाली छायाचित्रातले बिंदू मोजते, त्यांचे मायक्रोमीटर करण्यासाठी आधी मापनपट्टी, म्हणजे १ मिलिमीटरचे १०० भाग आखलेली काचपट्टी, त्याच भिंगाखाली धरून प्रमाण ठरवावे लागते. चाळीसपटीच्या भिंगाचे प्रमाण दहापटीच्या चित्राला लावले, तर रुंदी चौपट कमी भरते आणि किल्ली तक्रार न करता भलतीच जात सुचवते. (यंत्राचा हा आज्ञाधारकपणा फारसा कौतुकाचा नाही.)

जातीच्या नावासाठीही संगणकाची मदत होते, पण आयर्लंडमधील गॉलवे येथे मायकेल गिरी यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला अल्जीबेस हा माहितीसंच शैवाल ओळखून देत नाही. तो नावे तपासण्यासाठी आहे. सेनेडेस्मस वंशातील अनेक काटेरी जाती आता डेस्मोडेस्मस वंशात गेल्या आहेत, हे जुन्या यादीशी तुलना करणाऱ्याला तिथे कळते.

म्हणून बीजाणू नसलेल्या नमुन्यावर पडद्याने सुचवलेले जातीचे नाव अभ्यासकांनी चिकटवू नये. ‘स्पायरोगायरा, जात अनिश्चित’ अशी नोंद करावी आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवावा.