रोज एक आकृती

दिवसभर कार्यालयात जमाखर्चाचे आकडे आणि रात्री जेवण उरकल्यावर संगणकावर आकड्यांतूनच एक चित्र, हा माझा रोजचा छंद. या चित्रांना फ्रॅक्टल म्हणतात. मांडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली हे नाव दिले. एकच छोटा नियम पुन्हा पुन्हा लावायचा. सकाळी ते चित्र मी वस्तीतल्या अभ्यासिकेत लावतो.

गणितामुळे शाळा सोडायला निघालेल्या एका मुलीने विचारले, "काका, हे गणित आहे?" मी पेन्सिल दिली. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे तीन समान भाग कर, मधल्यावर बाहेरून तसाच त्रिकोण काढ, मधली रेघ पूस, पुन्हा तेच. ३ बाजूंच्या १२ झाल्या, मग ४८. तिसऱ्या फेरीला १९२ तिने स्वतः मोजल्या. ती आज दहावीत आहे.

बंधुभगिनींनो, मुलांना गणिताचा धाक घालू नका. वही-पेन्सिल द्या, शेजारी बसा.