दत्तकाची वंशावळ

नाताळच्या जागरणाच्या मिस्सेत मत्तयाच्या शुभवर्तमानातील वंशावळ वाचली जाऊ लागली, की मंडळींत चुळबूळ सुरू होते. आब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे आणि कानाला अपरिचित अशी नावे! पुष्कळदा ती गाळून पुढचा भागच वाचतात; तशी मुभाही आहे. आम्हा सातारा-सांगलीकडच्या माणसांना मात्र तेथे थबकावेसे वाटते. वंश आणि करार यांचे नाते आमच्या मातीने जवळून पाहिले आहे.

25 सप्टेंबर 1819 रोजी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांशी करार केला. साताऱ्याचे राज्य त्यांच्याकडे व त्यांच्या वारसांकडे निरंतर राहील, असे त्यात अभिवचन होते. 1839 मध्ये कंपनीने त्यांनाच पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविले. 1848 मध्ये आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. पण कंपनीने तो नामंजूर करून राज्य खालसा केले. 'निरंतर' या शब्दाला तीस वर्षांचेही आयुष्य लाभले नाही! पुढे सरकारचे धोरण बदलले. सांगलीचे धुंडिराजराव पटवर्धन 1901 साली औरस पुत्रावाचून वारले, तेव्हा 1903 मध्ये दत्तक चिंतामणरावांकडे गादी आली. एका गादीचा दत्तक नाकारला गेला, दुसरीचा मान्य झाला. मनुष्याचा करार सत्ताधीशाच्या मर्जीवर असा हेलकावे खातो.

परमेश्वरानेही करार केला. आब्राहामाला त्याने सर्व कुळांच्या आशीर्वादाचे वचन दिले, दावीदाला सर्वकाळच्या सिंहासनाचे. हा करार मोडायला निमित्ते थोडी नव्हती. मत्तय ती लपवीत नाही. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांना तो यादीत मानाने बसवितो. दावीदाचे पाप झाकीत नाही. यखन्या राजा बाबेलला बंदिवान होऊन गेला. त्याला निःसंतान म्हणून लिहून ठेवा, असे यिर्मया संदेष्ट्याने सांगितले होते. तरीही यादीत त्याच्यापुढे शल्तीएल आणि जरुब्बाबेल येतात. त्यानंतरच्या अबीहूद, अज्जूर, एलीहूद यांच्याविषयी तर शास्त्रात अन्यत्र एक अक्षर नाही. ना मुकुट, ना गादी. तरी वचन त्या अप्रसिद्ध घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले.

शेवटी योसेफापाशी येताच यादीची रीत बदलते. योसेफाला येशू झाला असे मत्तय म्हणत नाही. मरियेपासून येशू जन्मला, असे म्हणतो. योसेफ बाळाचे नाव ठेवतो, म्हणजे त्याला आपला म्हणून स्वीकारतो, आणि त्या स्वीकाराने येशू दावीदाचा पुत्र ठरतो. ज्या कारणास्तव कंपनीने आपला शब्द मोडला, त्याच दत्तकाच्या वाटेने परमेश्वराने आपला शब्द पाळला!

आमच्या दृष्टीने हे केवळ पांडित्य नव्हे. आमच्या भागात हेळवी बैल घेऊन गावोगाव येत आणि चोपडा उघडून कुळाच्या पिढ्या वाचून दाखवीत. आमच्या घराण्याचे पान अशा कोणत्याही चोपड्यात नाही. आमची वंशावळ आजोबांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपाशी थांबते. खापरपणज्याचे नाव कोणी विचारले, की आम्ही निरुत्तर होतो. बाबेलहून परतलेल्यांपैकी काही याजकांची वंशावळ सापडली नाही म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवले गेले, हे एज्राच्या पुस्तकात वाचताना आम्हांला आमचेच दुःख वाटते.

परंतु धर्मग्रामाच्या त्या वहीत आजोबांच्या नावाशेजारी समासात त्यांच्या दृढीकरणाची आणि विवाहाची नोंद आहे. पुढील पानांवर वडिलांची, आमची आणि मुलांची. तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर आब्राहामाचे वारस आहात, असे संत पौल गलतीकरांना बजावतो. मग मत्तयाने लिहिलेले आब्राहाम, इसहाक आणि अप्रसिद्ध अज्जूर हेच आमचे पूर्वज होत. आम्हीही दत्तकच आहोत आणि हा दत्तक नामंजूर करणारी सत्ता कोणतीही नाही. म्हणून येत्या नाताळच्या जागरणाला ती सारी नावे आपण सावकाश ऐकू या. ती आपल्याच घराची आहेत.