आईचे बटण

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात भिंतीवर एक घड्याळ होते, पण ते सदा मागे. खरी वेळ आम्हां मुलांना कळायची ती आईच्या खिडक्यांवरून. पहाटे पाचला माजघराची दारे-खिडक्या सताड उघडत. ऊन अंगणात उतरले की एकेक खिडकी बंद होई. दुपारी ओसरीवर वाळ्याचा पडदा सुटे आणि त्यावर तांब्याने पाणी शिंपडायचे काम माझ्याकडे येई. दिवेलागणीला पुन्हा सगळे उघडे. यात काही शास्त्र असेल अशी शंका आम्हांला कधी आली नाही. आईची ती एक खोड, असेच आम्ही समजत होतो.

पुढे वाडा गेला आणि आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर आलो. इथे दिवाणखान्याला पश्चिमेकडे भिंतभर काच आहे. मावळता सूर्य घरबसल्या दिसतो, या कौतुकापोटी आम्ही जादा पैसेही मोजले. पुण्याच्या एप्रिलात तो सूर्य दुपारी तीनपासून घरात येऊन बसतो आणि सातपर्यंत उठत नाही, हे राहायला आल्यावर कळले. डोक्यावरचे ऊन छज्जा अडवतो. कललेले ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते.

२०२३ च्या एप्रिलातली गोष्ट. आम्ही उभयता एका लग्नाला गेलो होतो. पाचाला परतलो तो आई खुर्चीत बसलेली, तोंड लालबुंद, बोलणे अडखळत. खोली भट्टीसारखी तापलेली आणि पडदा उघडाच. डॉक्टर आले, सलाइन लागले, रात्री ती सावरली. सावरल्यावर पहिले वाक्य बोलली ते असे : "पडदा ओढायला विसरले नव्हते रे मी. डोळा लागला." वय वर्षे शहाऐंशी. विसरणे आणि डोळा लागणे यांतला फरक तिला फार महत्त्वाचा वाटत होता.

आमचे चिरंजीव इंजिनिअर. त्यांनी घराचा ताबा घेतला. म्हणाले, "बाबा, पडदा आतून लावून फारसा उपयोग नाही. ऊन काचेतून आत आलं, पडदा-फरशी तापली, की ती उष्णता काच सहजासहजी बाहेर सोडत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं." सोसायटीच्या कमिटीची परवानगी मिळण्यात तीन महिने गेले. मग काचेबाहेर पट्ट्यापट्ट्यांचा पडदा आला, त्याला मोटार. ऊन वाढले की तो उतरतो आणि वळवाचा वारा सुटला की फाटू नये म्हणून आपला आपण वर जातो. खिडक्यांच्या वरच्या झडपांनाही मोटारी बसल्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की झडपा उघडतात आणि छताशी साठलेली गरम हवा निघून जाते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-३९ अंशांवर गेला, तरी पहाटे तो बावीसच्या आसपास उतरतो. रात्रभर भिंती निवल्या, की दुपारी एसीची याचना करावी लागत नाही.

चिरंजीवांनी दाखलेही दिले. पॅरिसला १९८७ साली ज्याँ नूव्हेल यांनी अरब संस्कृतीच्या संस्थेची इमारत उभी केली. तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर २४० झरोके. कॅमेऱ्याच्या भिंगासमोरची झडप मिटते-उघडते तसे ते उजेड पाहून मिटत-उघडत. पुढे त्यांतले कितीतरी अडकून बसले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मी पुदुच्चेरीच्या गोलकोंद वसतिगृहाचा दाखला दिला. १९३७ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. दोन्ही अंगांना भिंतभर आडव्या फळ्या आणि त्या फिरवायच्या हाताने.

"हाताने म्हणजे कुणाच्या?" चिरंजीवांनी विचारले. मी गप्प बसलो.

यंत्र उत्तम चालू लागले. बिघडली ती आई. पहाटे उठून खिडकीशी जायची, तो खिडकी आधीच उघडलेली. "आता मी काय करू?" असे ती एकदा म्हणाली, तक्रारीच्या सुरात नव्हे, खरोखर विचारल्यासारखे. त्या रविवारी नातवाने तिच्या खुर्चीशेजारी भिंतीवर एक पांढरे बटण बसवले. "आजी, हे तुझं." आई खूश. रोज सकाळ-संध्याकाळ बटण दाबू लागली.

एका रात्री सहज म्हणून मी ते दाबले. काही हलले नाही. पुन्हा दाबले. सकाळी विचारले तेव्हा चिरंजीव हळू आवाजात म्हणाले, "बाबा, त्याला तारच नाही. मोठ्या कचेऱ्यांतून एसीची अशी खोटी बटणं असतात. माणसाला बरं वाटतं."

मला संताप आला. जिच्या खिडक्यांवरून आम्ही वेळ ओळखली, तिच्या हाती आम्ही खुळखुळा दिला होता! "आजच्या आज तार जोड," मी म्हणालो आणि आईपाशी जाऊन सगळे कबूल केले.

आई शांतपणे वाती वळत होती. "ठाऊक आहे मला. बटण दाबलं म्हणून खिडकी उघडत नव्हती. खिडकी उघडायला लागली की मी बटण दाबत होते."

"मग दाबत कशाला होतीस?"

"पोरानं एवढ्या हौसेनं बसवलं. त्याचा विरस कशाला करायचा?"

तार जोडली गेली. आजी आणि नातू समोरासमोर बसले आणि तह झाला. आजीने बटण दाबले की दोन तास यंत्राने मध्ये पडायचे नाही. मात्र दुपारी एक ते सहा पडदा यंत्राचा. हे कलम आईनेच घातले. "तेव्हा माझा डोळा लागतो," ती म्हणाली. एवढे एक वाक्य म्हणायला तिला वर्ष लागले होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणी कचरा पेटवला. बाहेर गारवा आहे असे पाहून यंत्राने इमानाने सगळ्या झडपा उघडल्या आणि धूर आत येऊ लागला. आम्ही धावण्यापूर्वी आईने बटण दाबून त्या मिटवल्याही. "तुझ्या यंत्राला अंगाला ऊन लागलेलं कळतं," ती नातवाला म्हणाली, "पण त्याला नाक नाही." चिरंजीव आता नाकाच्या शोधात आहेत.

थंडीसाठी यंत्राला सकाळी सहाची वेळ लावून ठेवली आहे. परवा अंथरुणात पडल्या पडल्या मोटारीचा बारीक आवाज कानी आला. घड्याळ पाहण्याची गरज नव्हती. साडेपाच वाजले होते.